गाणे संपल्यावर गवई जातो कुठे?

एरवी दर आठवड्याला संपादकमहाशय मला या पानावर दीड रकाना देतात आणि त्यात पाय दुमडून बसण्याची मला सवय झाली आहे. दिवाळी अंकासाठी मात्र 'यंदा जरा ऐसपैस बसा' असा निरोप येतो आणि माझी पंचाईत होते. तासाची घंटा झाली की बोलणे आवरणाऱ्या मास्तराला घंटाच होणार नाही असे सांगितले, तर तो बिचारा काय करील? तो अंतराळात जाईल. मीही यंदा तेच केले आहे. पण घाबरू नका, ग्रहगोलांची गणिते मी मांडणार नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. अग्निबाणाविषयीचे माझे ज्ञान लक्ष्मीपूजनाच्या रात्री सुरू होते आणि शेजाऱ्याच्या गॅलरीत संपते. मला सांगायचे आहे ते अंतराळातल्या एका हॉटेलात गाणाऱ्या एका गवयाविषयी.

तिथे पोहोचायला आधी हिंजवडीला यावे लागेल. ज्यांनी कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता इथला शिवाजी चौक ओलांडण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना त्या मानाने अंतराळ जवळ वाटेल. हिंजवडी हे म्हातोबाचे गाव. हनुमान जयंतीला इथे बगाड निघते आणि त्या दिवशी गाव गावाचे असते. उरलेल्या दिवसांत ते संगणकाच्या कंपन्यांचे असते. अकराव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून काचेच्या इमारती दिसतात. रात्री त्यांतले दिवे मालवत नाहीत, कारण आत बसलेल्या मंडळींचे घड्याळ अमेरिकेचे असते. आमचे भाचेबुवा त्यांतलेच एक. सूर्य मावळला की त्यांची न्याहारी, आणि आमच्या सौ. देवापुढे सकाळी सांजवात नव्हे ती निरांजन लावतात तेव्हा यांची निजानीज.

या घरात दोन वर्षांपूर्वी अण्णा राहायला आले. अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, सहकारी बँकेतून कारकून म्हणून निवृत्त, जन्म सदाशिव पेठेतला. आई गेली, पाठोपाठ वाडा बिल्डरकडे गेला, आणि अण्णा एक ट्रंक आणि एक पेटी घेऊन आमच्याकडे आले. पेटी म्हणजे हार्मोनियम. ती आल्या दिवशी कपाटावर चढली ती अजून उतरलेली नाही. सदाशिव पेठेत अण्णा दिवसभर बोलत असत, मुख्यतः इतरांच्या चुकांविषयी. इथे ते बोलेनासे झाले. खिडकीशी बसून ते समोरच्या इमारतीतले दिवे पाहत. मी एकदा विचारले, "अण्णा, काय पाहता?" तर म्हणाले, "कुणी एक तरी दिवा बंद करतो का, ते बघतोय."

रविवार हा भाचेबुवांचा सुटीचा दिवस. गेल्या श्रावणात त्यांनी एक जुनी अमेरिकन मालिका पाहायला घेतली. 'स्टार ट्रेक' हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. त्या घराण्यातली ही 'डीप स्पेस नाइन' नावाची मालिका १९९३ ते १९९९ अशी सात वर्षे चालली. काळ आपल्यानंतर साडेतीनशे वर्षांचा. एक अंतराळस्थानक आहे, त्यात नाना ग्रहांची नाना कानानाकांची माणसे आहेत, आणि उत्तरार्धात एक भयंकर युद्ध आहे. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांना ते इंग्रजी उमगेना, म्हणून मी दुभाषा झालो. मोरोपंतांच्या आर्येचा अन्वय लावण्याची सवय असल्यामुळे मला हे काम जमेल असे वाटले होते. पण आर्येत होलोग्राम नसतो.

कथा अशी आहे. त्या स्थानकात क्वार्क नावाच्या लोभी हॉटेलवाल्याच्या दुकानात वरच्या मजल्यावर काही खोल्या आहेत. खोलीत जाऊन सांगावे तो देखावा आणि सांगावी ती माणसे तिथे उभी राहतात. अशा एका खोलीत १९६२ सालचे लास व्हेगास उभे राहते. रंगीत दिवे, टेबले, मद्याचे पेले, मागे वाद्यवृंद, आणि पुढे काळा कोट घालून गाणारा एक पिकल्या केसांचा देखणा गृहस्थ. त्याचे नाव व्हिक फाँटेन.

"हा कोण?" अण्णांनी विचारले.

"हा गवई आहे. पण खरा नाही. प्रकाशाचा केलेला आहे."

"म्हणजे आरशातली प्रतिमा."

"तसं नाही आजोबा," भाचा म्हणाला, "याला हात लावला तर लागतो."

"मग भूत."

"भूतही नाही. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला माहीत आहे, की आपण खरे नाही."

अण्णा थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सूर पक्का आहे हो भुताचा."

सूर पक्का असणारच. ते काम करणारा जेम्स डॅरन हा मुळात गायकच होता. १९३६ साली फिलाडेल्फियात जन्मलेला हा पोरगा १९५९ च्या 'गिजेट' या चित्रपटामुळे तिकडच्या तरुण मुलींच्या गळ्यातला ताईत झाला. १९६१ साली त्याची तबकडी गाजली. १९६६ मध्ये 'टाइम टनेल' या मालिकेत त्याने काळाच्या बोगद्यातून धावाधाव केली, आणि मग, नटांचे होते तसे, तो लोकांच्या नजरेआड गेला. व्हिकची भूमिका मालिकावाल्यांनी आधी फ्रँक सिनात्राच्या मुलाला देऊ केली होती. त्या गृहस्थांना म्हणे गवई नको होता, परग्रहवासी व्हायचे होते! जन्मभर बापाची गाणी गायल्यावर माणसाला शिंगे लावावीशी वाटली, तर त्यात नवल नाही. अशा रीतीने एप्रिल १९९८ मध्ये, साठी उलटलेला डॅरन पडद्यावर आला आणि पुढच्या वर्षी त्याने त्या गाण्यांचा संग्रहही काढला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वारला.

पहिल्या भागात व्हिक एका प्रेमिकाचे लग्न जुळवतो म्हणा ना. ओडो नावाचा सुरक्षा अधिकारी आहे. तो मुळात द्रवरूप, पाहिजे तो आकार घेणारा. त्याला कोणताही आकार घेता येतो, फक्त आपल्या सहकारी किरापुढे तोंड उघडता येत नाही. व्हिक त्याला पियानोपाशी बसवतो, अंगात कोट चढवतो, आणि एके रात्री त्या दोघांना जेवायला बोलावून स्वतः मागे गात राहतो. ओडोला वाटते समोरची किरा प्रकाशाची आहे, म्हणून तो न घाबरता बोलतो, नाचतो. ती निघते खरी! आमच्या संगीत रंगभूमीवर असला घोटाळा नवा नाही. 'सौभद्रा'तला संन्यासी आणि हा ओडो यांनी एकाच पंगतीला बसायला हरकत नाही. अण्णांना तो भाग इतका आवडला, की त्यांनी "वन्समोर" म्हटले आणि भाच्याने तो खरोखरच पुन्हा लावला. दूरचित्रवाणीच्या आणि नाटकाच्या वन्समोरमध्ये फरक इतकाच, की इथे गवयाला धाप लागत नाही.

मला स्वतःला मात्र हे गाणे प्रथम खटकले. बाहेर युद्ध चालले आहे, माणसे मरत आहेत, आणि हा बाबा टेबलांमधून गात काय हिंडतो? हाच आक्षेप मी बी. ए. च्या वर्गात संगीत नाटकांवर पुष्कळदा घेतला आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगले, त्या रात्रीपासून आपल्या नायिका ऐन संकटात थांबून गात आल्या आहेत. कथा खोळंबते, संकटही खोळंबते, तीन वन्समोर झाले की संकट पुन्हा सुरू. हे सांगताना वर्गात हशा येतो, आणि हशा आला की मास्तराला आपले मत खरे वाटू लागते.

मग त्या मालिकेतला डिसेंबर १९९८ चा भाग आला. त्याचे नाव 'इट्स ओन्ली अ पेपर मून', कागदाचा चंद्र म्हणा. नॉग नावाचा एक तरुण सैनिक आहे, मोठ्या कानांचा, त्या हॉटेलवाल्या क्वार्कचाच पुतण्या. लढाईत त्याचा पाय गेला आहे. तिकडचे वैद्यक पुढारलेले असल्यामुळे नवा पाय बसवला आहे, डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहे, पण पोरगा लंगडतो आणि कुणाशी बोलत नाही. छावणीत असताना त्याने व्हिकचे एक निरोपाचे गाणे ऐकलेले असते. तो व्हिकच्या खोलीत जातो आणि तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो. मग सांगतो, मी आता इथेच राहणार. आणि १९६२ सालच्या त्या खोट्या लास व्हेगासमध्ये, प्रकाशाच्या गवयाच्या हॉटेलात, तो खरा जखमी पोरगा राहू लागतो.

इथपर्यंत मी अण्णांना सांगत होतो. एकाएकी त्यांनी मला हाताने थांबवले.

"अरे, ही बाकीची मंडळी घरी गेल्यावर तो गवई जातो कुठे?"

"कुठे जाणार? खोली बंद करतात. तो नाहीसा होतो."

"आणि पुन्हा गिऱ्हाईक आलं की?"

"पुन्हा उभा राहतो. गायला लागतो."

"म्हणजे गाण्यापुरता आहे," अण्णा म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ह्याला पैसे कोण देतं?"

भाचा हसला. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यानंतरचा आठवडाभर तो माझ्या डोक्यात पेटीच्या अडकलेल्या पट्टीसारखा वाजत राहिला.

आपल्या बोलपटांतला हॉटेलातला गवई आठवून पाहा. हॉटेलात गाणारी बाई असली, की शेवटच्या रिळात नायकावर झाडलेली गोळी तिला लागणार हे आपण तिकीट काढतानाच जाणतो. १९६६ च्या 'तीसरी मंझिल'मध्ये हेलनची रूबी अशीच जाते. त्यात तर नायक रॉकी हाच हॉटेलात ढोल बडवणारा आणि गाणारा आहे, आणि नायिकेच्या प्रेमात पडल्यावर त्याची पहिली धडपड कसली, तर आपण तो हॉटेलवाला रॉकी आहोत हे तिला कळू नये! गाण्यावर जग लुब्ध, पण गाणाऱ्याला घरी कोण बोलावणार?

हे पडद्यावरचे झाले. पडद्यामागचे याहून निराळे नव्हते. १९५१ सालचा भगवानदादांचा 'अलबेला' आपल्या सगळ्यांच्या माहितीचा. त्याचे संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या चितळकरांचे. त्यातल्या एका गाण्यात झगमगीत पोशाख करून तुतारीसारखे ट्रम्पेट फुंकणारा एक कलावंत आपल्या वाद्यवृंदासह दिसतो. तो चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात रात्री साहेबी मंडळी त्याच्या वाद्यावर नाचत, आणि दिवसा तो चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसे. गोव्याहून आलेल्या अशा कितीतरी वादकांनी आपल्या हिंदी गाण्यांचा साज चढवला. आपल्याला संगीतकाराचे नाव पाठ आहे, गीतकाराचे पाठ आहे, आणि मधल्या त्या व्हायोलिनच्या लाटेवर आपण साठ वर्षे माना डोलावल्या आहेत. ती लाट कुणी लिहून काढली? नामावलीत या माणसांची नावे क्वचितच येत. एकाचे नाव तेवढे प्रत्येकाच्या तोंडी आहे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले, आणि १९७७ साली त्या शिष्याने गुरूचे नाव अमिताभ बच्चनच्या गाण्यात घातले. दक्षिणा उत्तमच. पण ते नाव अंड्यातून बाहेर पडणाऱ्या विदूषकाचे आहे असेच सारा देश समजला.

मुंबईत चर्चगेटच्या अस्टोरिया हॉटेलात व्हेनिस नावाची जागा होती. तिथे ख्रिस पेरी यांचा वाद्यवृंद आणि लॉर्ना यांचे गाणे असे. लॉर्नांची कोंकणी गाणी आजही गोव्यातल्या लग्नांत वाजतात. पण १९७० नंतरच्या दशकात त्यांचे गाणे थांबले ते वीसहून अधिक वर्षे. या काळात त्यांच्या तबकड्यांवर लोक नाचतच होते. १९९५ साली रॉनी मोन्सेरात यांच्या संगीतात त्या परत गायल्या, तेव्हा लोकांना आश्चर्य वाटले. तबकडी वाजते आहे म्हणजे गाणारी बाई ठीकठाक असणार, असे आपण धरून चालतो. मध्यंतरी ती कुठे होती हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडत नाही.

आणि खुद्द ते लास व्हेगास? मालिकेचा कप्तान सिस्को हा कृष्णवर्णी आहे. फेब्रुवारी १९९९ च्या एका भागात तो सांगतो, की मी त्या गवयाच्या खोलीत पाय ठेवणार नाही, कारण खऱ्या १९६२ साली तिथे माझ्यासारख्यांचे गिऱ्हाईक म्हणून स्वागत होत नव्हते. शेवटी मित्रांच्या कामासाठी तो जातो आणि व्हिकबरोबर एक फक्कड युगुलगीतही गातो. पण त्याचे म्हणणे इतिहासाला धरून होते. नॅट किंग कोल आणि सॅमी डेव्हिस ज्युनियर ज्या हॉटेलांच्या रंगमंचावर गायले, त्याच हॉटेलांत १९५० च्या दशकात त्यांना निजायला खोली मिळत नसे. टाळ्या घ्यायच्या, मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि गावाच्या पश्चिम भागातल्या आपल्या वस्तीत जाऊन झोपायचे. मार्च १९६० मध्ये हॉटेलवाले झुकले आणि तो नियम मोडला.

आपल्याकडे या बाबतीत अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट बालगंधर्वांची. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, आणि त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारलेली. प्रयोग रद्द करू या म्हणणाऱ्यांना नकार देऊन ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. पुढचा पडदा पडला इथे ती संपते. रंग पुसून तो बावीस वर्षांचा बाप बिऱ्हाडी परतला तेव्हा दार कुणी उघडले असेल, हे मी आजवर मनात आणले नव्हते. अण्णांनी विचारले म्हणून आणले.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती मी या सदरात कधी लिहिलेली नाही, घरीही बोललेलो नाही.

अण्णा बँकेत कारकून होते, पण त्यांना गळा होता. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून लग्नसराईत ते मंगल कार्यालयांतून गात. स्वागतसमारंभ असला की कोपऱ्यात एक लाकडी चौथरा, त्यावर सतरंजी, अण्णा, पेटी आणि एक तबलजी. समोर नवरा-नवरीच्या भोवती आहेराची रांग, दुसऱ्या बाजूला जेवणाच्या पंगती. नाट्यपदे, भावगीते, फर्माईश आली तर एखादे सिनेमातले. ऐकत कुणीच नसे. सातवीत असताना मी वर्गातल्या एका मित्राच्या बहिणीच्या समारंभाला गेलो. निमंत्रण होते, नवा सदरा होता. आत पाऊल टाकतो तो कोपऱ्यात पंख्याखाली अण्णा गात बसलेले. माझ्या मित्राने आइस्क्रीम खाता खाता सहज विचारले, "ते गाणारे काका कोण रे?"

मी म्हणालो, "काय माहीत."

तेवढ्यात माझी आणि अण्णांची नजरानजर झाली. त्यांनी ती लगेच पेटीवर वळवली आणि अंतरा घेतला. सूर हलला नाही. मी मित्रांबरोबर जेवलो आणि त्यांच्या आधी घरी आलो. ते आले तेव्हा मी झोपेचे सोंग घेतले होते. त्या गोष्टीला तेहतीस वर्षे झाली.

पुढच्या रविवारी आम्ही तो कागदी चंद्राचा भाग पुरा केला. व्हिकच्या हॉटेलात नॉग रमतो. त्याचे हिशेब लिहू लागतो, नवे हॉटेल बांधायचे बेत करतो, काठी टाकून चालू लागतो. इकडे व्हिकचेही काही नवे घडते. पोरगा चोवीस तास राहायला असल्यामुळे खोली बंद होतच नाही. गाणे संपल्यावर नाहीसा होणारा तो गवई पहिल्यांदाच रात्री झोपतो, सकाळी उठतो, पत्ते खेळतो. त्याला जगणे आवडू लागते. आणि तरीही एक दिवस तो पोराला सांगतो, तू आता घरी जा. पोरगा ऐकत नाही, तेव्हा तो स्वतःच आपली खोली बंद करतो. म्हणजे स्वतः नाहीसा होतो! नॉग बाहेर पडतो, लढाईची भीती अखेर बोलून दाखवतो, आणि आपल्या माणसांत परततो. शेवटी तो काकाशी बोलून गवयासाठी एक व्यवस्था करून येतो: ही खोली यापुढे कधीही बंद व्हायची नाही. त्या स्थानकाचा दिवस सव्वीस तासांचा असतो. सव्वीसच्या सव्वीस तास ती चालू राहणार, गिऱ्हाईक असो वा नसो.

या भागात लढाई नाही, अग्निबाण नाही. नॉगचे काम करणारा ॲरन आयझेनबर्ग २०१९ साली वारला. युद्धावरून परतलेले सैनिक येऊन त्याला या भागाविषयी सांगत असत, असे तो म्हणे. मला ते पटते. संगीत नाटकावरचे माझे व्याख्यान यंदा मला बदलावे लागेल. गाण्याने कथा खोळंबते हे खरे, पण घाव लागलेल्या माणसाला बसायला कथेत तेवढीच जागा असते.

दिवे लावले. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमचा कार्यक्रम झाला की आम्ही मागल्या अंगाला जायचो. तबलजी आणि मी. शेवटची पंगत उठली, की आचाऱ्यांबरोबर आमचं पान. बरं असायचं जेवण. नारळ आणि पाकीट मिळायचं."

"माहीत आहे," मी म्हणालो. वास्तविक मला माहीत नव्हते.

"कधी काही संपलेलं असायचं, कधी काही," अण्णा सहज बोलावे तसे बोलले. "तुझ्या त्या आइस्क्रीमवाल्या मित्राकडे मठ्ठा संपला होता."

मी भाच्याकडे पाहिले. तो दूरनियंत्रकाची बटणे दाबत होता, त्याला यातले काहीच कळले नव्हते. मी आत जाऊन पाणी प्यायलो. सौ. म्हणाल्या, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही, घसा बसला. दुभाषाचं काम."

भाद्रपदात अण्णांचा वाढदिवस आला. भाचेबुवांनी ऐटीत जाहीर केले, की यंदा आजोबांना मी हॉटेलात जेवायला नेणार. इथे फेज एक ते तीनपर्यंत हॉटेलांना तोटा नाही. मेट्रोच्या खांबांखालून वाट काढीत आम्ही एका हॉटेलात पोहोचलो. शुक्रवार होता, खच्चून गर्दी. गळ्यात कंपनीची ओळखपत्रे अडकवलेली मंडळी एकाच वेळी जेवत, बोलत आणि फोन पाहत होती. भिंतीवर मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा सामना. आणि त्या पडद्याखाली, कोपऱ्यात, एक मुलगा गात होता. हातात गिटार, शेजारी संगणक, त्यातून बाकीची वाद्ये वाजत होती. वय पंचवीसच्या आसपास. किशोरकुमारची गाणी म्हणत होता. सामन्यात कुणीतरी षट्कार मारला आणि टाळ्या पडल्या, तेव्हा त्याने सवयीने मान लववली.

अण्णांनी ताटलीकडे पाहिले नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर पट्ट्या दाबत होती. एका जागी त्यांच्या भुवया चढल्या.

"पंचम उतरला?" मी विचारले.

"दमलाय तो. उभं राहून किती वेळ गाणार?"

गाणे संपले. मुलगा बाटलीतले पाणी प्यायला थांबला, तसे अण्णा उठले. आम्हाला वाटले, हात धुवायला निघाले. ते टेबलांमधून वाट काढीत थेट त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. मी मागोमाग धावलो, कारण त्यांचा तोल हल्ली जातो.

"जेवलात का?" अण्णांनी त्याला विचारले.

मुलाने संगणकावर बोट ठेवले. "कुठलं गाणं म्हणालात, काका? कोणत्या पिक्चरमधलं?"

"गाणं नव्हे. जेवलात का, विचारतोय."

तो जरा गोंधळला. मग हसला. "साडेअकराला, काका. प्रोग्रॅम संपला की. किचन बंद व्हायच्या आत देतात."

अण्णांनी मनगटावरचे घड्याळ डोळ्यांजवळ नेले. पावणेदहा झाले होते. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "अरे, इथे आणखी एक पान मांडायला सांग."

मी व्यवस्थापकाला बोलावले. तो अदबीने म्हणाला, "सॉरी सर, कार्यक्रम चालू असताना आर्टिस्टला गेस्टच्या टेबलावर बसवत नाही."

"मग संपल्यावर?" अण्णांनी विचारले.

"संपल्यावर काय, सर, तुमची मर्जी."

आम्ही साडेअकरापर्यंत बसलो. जेवण केव्हाच संपले होते. बसायला कारण हवे म्हणून भाच्याने दोनदा सूप मागवले आणि मी एकदा कॉफी. त्याची अमेरिका साडेदहाला उघडते, तिने त्याला तीन फोन केले, त्याने एकही घेतला नाही. सामना संपला, टेबले रिकामी होत गेली. पाचवी खुर्ची ओढून अण्णांनी तिच्यावर हात ठेवला होता, आणि सौ. वेटरला विचारीत होत्या, मठ्ठा आहे का.